टेकडीवरचा डायनोसॉर-शोध: लहान मुलांसाठी खेळ कसा आखावा

आमच्या सोसायटीतील मुलांसाठी मी पुण्याच्या वेताळ टेकडीवर आतापर्यंत तीन वेळा डायनोसॉर-शोधाचा खेळ आखला आहे. त्यातला पहिला पुरता फसला, दुसरा कसाबसा पार पडला आणि तिसरा मात्र इतका जमला, की दोन आजी पुढच्या वेळी आपणही खेळणार असे सांगून गेल्या. पहिल्या वेळी मला जे कोणी सांगितले नव्हते, ते इथे क्रमाने लिहीत आहे. मुले पाच ते दहा वर्षांची आहेत, वाट सोपी आहे आणि हाताशी एक रविवारची सकाळ आहे, असे गृहीत धरले आहे. टेकडी दुसरी असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

१. डायनोसॉर आपल्या भूमीतले निवडा

पहिल्या खेळात मी बाजारातून प्लास्टिकचे बारा डायनोसॉर आणून झुडपांत लपवले होते. मुलांनी ते वीस मिनिटांत शोधले, नंतर कोणाला किती मिळाले यावर भांडणे झाली, आणि टेकडीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. त्या बारांपैकी एकही प्राणी भारतात कधी वावरला नव्हता, हे मला नंतर कळले. लपवलेली वस्तू सापडली की खेळ संपतो, पण एखादी गोष्ट नीट पाहून ओळखायची असेल तर मूल तिथेच रेंगाळते. म्हणून दुसऱ्या वेळेपासून मी वस्तू गोळा करण्याचा खेळ सोडला आणि पाहण्याचा, मोजण्याचा खेळ धरला.

आपल्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ठगांचा बीमोड करणारा म्हणून जो स्लीमन आपण इतिहासात वाचतो, त्यालाच १८२८ मध्ये जबलपूरला डायनोसॉरची हाडे सापडली होती, आणि भारतातील अशा हाडांची ती पहिली नोंद मानली जाते. खेळासाठी मी तीन प्राणी कायम ठेवले आहेत, कारण तीनपेक्षा जास्त नावे लहान मुलांच्या लक्षात राहत नाहीत.

पहिला राजासॉरस. हा मांसाहारी, दोन पायांवर चालणारा आणि कपाळावर बुटके शिंग असलेला प्राणी होता. गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रैयोली इथे त्याची हाडे मिळाली आणि २००३ मध्ये त्याला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव मिळाले. दुसरा इसिसॉरस, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा. हा लांब मानेचा शाकाहारी प्राणी असून त्याच्या नावातील 'इसि' ही अक्षरे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आली आहेत. तिसरा बारापासॉरस. तो प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणात सापडला. 'बारा पा' म्हणजे बारा पाय नव्हेत. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय. मुलांना हे आधी सांगू नका. नाव ऐकताच ती बारा पायांचे चित्र काढतात, आणि ते चित्र पाहण्यासारखे असते.

२. वाट निवडा आणि मुलांशिवाय दोनदा चालून या

वेताळ टेकडीवर वर जाण्याच्या वाटा अनेक आहेत. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने वर जावे, कारण चढाचा मोठा भाग गाडीतच पार होतो आणि पुढे पठारावरून चालणे जवळजवळ सपाटीचे असते. लॉ कॉलेजच्या किंवा चतुःशृंगीच्या बाजूचा चढ मोठ्यांना काही वाटत नाही, पण सहा वर्षांचे मूल पहिल्या कोड्याआधीच दमते आणि मग उरलेली सकाळ त्याला कडेवर घेण्यात जाते. खेळासाठी वाट एक ते सव्वा किलोमीटरची पुरते. जाऊन-येऊन, थांबे आणि खाणे धरून दोन तास लागतात.

पहिल्यांदा चालताना फक्त धोके पाहा. जुन्या खाणीत पाणी असते आणि कडा सरळ तुटलेला आहे, त्यामुळे खाण खेळात घेऊच नये, दुरून दाखवण्यापुरतीही नाही. मुले जे दुरून पाहतात त्याच्याकडे धावतात. आग्या मोहोळ कुठे आहे का, वाटेवर मोकाट कुत्र्यांचा कळप कुठे बसतो आणि सावली कुठे आहे, हे वहीत टिपून ठेवा. दुसऱ्यांदा चालताना मुलांच्या उंचीवर वाकून पाहा. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण आपल्या छातीशी असलेली खूण मुलाला दिसतच नाही, आणि त्याच्या डोळ्यांसमोर जे बाभळीचे काटे असतात ते आपल्याला दिसत नाहीत.

दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात, लगेच नंतर गवत कमरेपर्यंत वाढलेले असते आणि पायाखालचे दिसत नाही, तर मार्चनंतर नऊ वाजताच ऊन चटके देऊ लागते.

३. परवानगी आणि कागदपत्रे

टेकडीचा बराच भाग वन विभागाच्या ताब्यात आहे आणि तिथे जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. चार-पाच कुटुंबे फिरायला गेली तर कोणी अडवत नाही, पण पंचवीस-तीस जणांचा आखीव कार्यक्रम असेल तर संबंधित कार्यालयात आधी अर्ज देणे चांगले. अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि 'ध्वनिक्षेपक, आग, फुगे व सजावट नाही' हे वाक्य असू द्या. त्या एका वाक्याने निम्मे प्रश्न मिटतात. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

प्रत्येक मुलामागे पालकांच्या सहीचा एक कागद घ्या: मुलाचे नाव व वय, पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक, दमा किंवा कशाची ॲलर्जी आहे का, आणि फोटो काढलेले चालतील का. फोटोची ओळ मी पहिल्यांदा घातली नव्हती. एका कुटुंबाने नंतर हळू आवाजात नापसंती कळवली आणि त्यांचे बरोबर होते.

४. साहित्य जमवा

लागणारे साहित्य घरातलेच आहे:

- सुती दोरी, एकूण पंधरा मीटर, तिच्यावर १.७ मीटर आणि १४ मीटर या दोन ठिकाणी लाल कापडाच्या चिंध्या बांधलेल्या
- जाड पुठ्ठ्याची कापलेली पावले, किमान आठ
- शाडूची माती दोन किलो (गणपतीनंतर बहुतेक घरी उरलेली असते)
- कागदाच्या लगद्याची तीन-चार अंडी
- प्रत्येक मुलाला एक पुठ्ठ्याची पाटी, कागद आणि दोरीने बांधलेली पेन्सिल
- प्रत्येक गटाला एक भिंग
- शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, पाणी, आणि कचऱ्यासाठी दोन पिशव्या

अंड्यांसाठी फुगा सोळा सेंटिमीटरचा फुगवून त्यावर कागदाचा लगदा लावा आणि वाळल्यावर फुगा फोडून काढून टाका. हे माप मनाचे नाही. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात सापडलेल्या ९२ घरट्यांमधील २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अंड्यांचा व्यास साधारण १५ ते १७ सेंटिमीटर होता. लांब मानेच्या अवाढव्य प्राण्याचे अंडे लहान कलिंगडाएवढे, हे ऐकून मुलांचा हिरमोड होतो. त्यांना अंडे पलंगाएवढे हवे असते.

५. काळाची वाट आखा

हा खेळाचा कणा आहे, म्हणून त्याला वेळ द्या. एक पाऊल म्हणजे दहा लाख वर्षे, असे धरा. पठारावरचा सरळ, सपाट असा दीडशे-पावणेदोनशे मीटरचा भाग निवडा आणि एका टोकाला 'आज' अशी पाटी ठेवा. तिथून ६६ पावलांवर डायनोसॉरचा शेवट येतो. ६७ किंवा ६८ पावलांवर राजासॉरस आणि इसिसॉरस उभे राहतात. बारापासॉरस थेट १८० पावलांच्या आसपास, आणि सगळ्यांत पहिले डायनोसॉर साधारण २३० पावलांवर.

मुलांना 'आज'पासून मोठ्याने मोजत चालायला लावा. बारापासॉरसपाशी पोचल्यावर सगळ्यांना मागे वळून पाहायला सांगा आणि विचारा, की राजासॉरस कोणाच्या जास्त जवळचा: आपल्या की बारापासॉरसच्या? उत्तर डोळ्यांसमोर असते. सगळे डायनोसॉर एकाच वेळी, एकाच रानात राहत होते, ही समजूत इथे कोणी काही न शिकवता जाते. आमच्यातल्या एका आठ वर्षांच्या मुलाने विचारले, "काका, मग शिवाजी महाराज कुठे?" १६७४ चा राज्याभिषेक या मापाने 'आज'च्या पाटीपासून पाव मिलिमीटरवर येतो. मी बोटाच्या दोन नखांमध्ये जाड कागद धरून दाखवला, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

एक सूचना: पावले एकाच मोठ्या माणसाने मोजून खुणा कराव्यात. मुलांच्या पावलांनी मोजल्यास प्रत्येकाचा राजासॉरस वेगळ्या ठिकाणी येतो.

६. थांबे तयार करा

चार थांबे पुरेत.

पहिला थांबा मोठ्या पायाचा. बारापासॉरसच्या मांडीचे हाड १.७ मीटर लांब होते. दोरीचा तेवढा भाग जमिनीवर सरळ ठेवा आणि प्रत्येक मुलाला तिच्याशेजारी आडवे व्हायला सांगा. त्यानंतर एखाद्या आईला किंवा आजीला आडवे व्हायला सांगा. बहुतेक तीही कमी पडते. त्या एकाच हाडापुढे घरातले सगळे बुटके ठरतात. मग दोरी १४ मीटरपर्यंत उलगडा, म्हणजे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत प्राणी केवढा होता ते कळते. या प्राण्याचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात आहे.

दुसरा थांबा मुलांचा सर्वांत आवडता, कारण तो शीचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे आणि तिथे डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. त्यांच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, असे मानले जाई. खेळासाठी शाडूचे लांबट गोळे करून प्रत्येकात वाळलेल्या गवताच्या काड्या किंवा एखादी बी घालावी आणि दोन दिवस सावलीत वाळवावे. मूल गोळा फोडते, भिंगाने पाहते आणि प्राणी शाकाहारी की मांसाहारी ते लिहिते. दोन-तीन गोळ्यांत काहीच घालू नका. 'काही सापडले नाही' हेही लिहायचे असते, आणि ते लिहिताना मुले सर्वांत जास्त वाद घालतात.

तिसरा थांबा फसव्या अंड्यांचा, आणि तो टेकडीच तुम्हाला तयार करून देते. आपला काळा पाषाण लाव्हारसाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून आलेला हा रस थरावर थर साचत गेला. खडकाच्या चिरांमधून पाणी शिरते, दगडाचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटून मध्ये एक गोल गाभा उरतो. असे गोल दगड वाटेच्या कडेला तासलेल्या भागांत दिसतात, आणि त्यांना पाहून प्रत्येक वेळी कोणी ना कोणी "अंडं!" म्हणून ओरडतेच. ओरडू द्या. मग कागदाच्या लगद्याचे अंडे शेजारी ठेवून फरक शोधायला सांगा: अंड्याला पातळ कवच असते, आत पोकळी असते, आकार सगळ्यांचा जवळपास सारखा असतो. दगडाचे पापुद्रे मात्र एकाखाली एक सुटतात आणि आकार कसेही असतात. गोल दगडांनी मोठी माणसेही चकतात. धार जिल्ह्यातील एका गावात काकड भैरव म्हणून पुजले जाणारे गोल दगड डायनोसॉरची अंडी निघाल्याच्या बातम्या २०२३ च्या अखेरीस आल्या होत्या, म्हणजे तिथे चूक उलट्या बाजूने झाली होती.

इथेच गारगोट्यांची गंमतही सांगावी. लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे साचली आणि ती आज दगडातून डोकावतात. मुलांना ते दात वाटतात.

या थांब्यावर प्रामाणिक राहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. वेताळ टेकडीवर डायनोसॉरची हाडे सापडत नाहीत. चंद्रपूर, जबलपूर किंवा गुजरातमधली हाडे मुख्यतः लाव्हारसाच्या थरांखालच्या खडकांत मिळतात, आणि ते खडक इथे उघडे पडलेले नाहीत. एका मुलीने माझ्याकडे रोखून पाहत विचारले होते, "मग आपण इथे का आलो?" मी तिला पायाखालचा दगड चाचपायला लावला आणि सांगितले, की राजासॉरसचा काळ संपत आला तेव्हा हा दगड वाहत होता. डायनोसॉर नष्ट होण्यात मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीचा वाटा किती आणि या लाव्हारसाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. मुलीचे समाधान झाले.

चौथा थांबा जिवंत डायनोसॉरचा. पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज आहेत आणि टेकडीवर मोर भरपूर आहेत. पहाटे दव असताना मऊ धुळीत मोराचे पाऊल उमटते: पुढे तीन बोटे स्पष्ट, मागचे बोट छोटे. त्याशेजारी पुठ्ठ्याचे तीन बोटांचे मोठे पाऊल ठेवा आणि मुलांना दोन्हींचे चित्र काढू द्या. पुठ्ठ्याच्या पावलाचे माप आमचा अंदाज आहे, हे मी सांगून टाकतो. पहिल्या वर्षी मी ही पावले रांगोळीने काढली होती. पहाटे सहाला सुबक काढलेली दहा पावले साडेसातपर्यंत फिरायला येणाऱ्यांनी तुडवली आणि मुलांच्या वाट्याला आले ते एक अर्धे बोट. तेव्हापासून पुठ्ठा.

७. कोडी लिहा

कोडे चार ओळींपेक्षा मोठे नको, आणि त्यात पुढच्या थांब्याची दिशा नको. दिशा खुणेने दाखवा. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी कोडे मोठ्या भावंडाने म्हणायचे असते, म्हणून यमक हवे. आमची दोन कोडी नमुन्यादाखल देतो.

मोठा पाय हेच माझे नाव,
गोदाकाठी लागला ठाव.
दोरीपाशी आडवे व्हा,
कोण लांब ते मोजून पाहा.

आणि मोराचे:

पणजोबांचे पणजोबा होते दातवाले,
माझ्या वाट्याला मात्र चोच-पिसारे आले.
धुळीमध्ये तीन बोटे दिसतील का बघा,
हाक माझी आली तर गप्प उभे राहा.

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. तीस मुलांचा गलका असताना मोर दिसत नाही, आणि गप्प बसा असे ओरडून सांगण्यापेक्षा कोड्याने सांगितलेले मुले ऐकतात.

कागद झाडांना चिकटपट्टीने किंवा खिळ्यांनी लावू नका. दवाने चिकटपट्टी सुटते आणि खिळा झाडाला जखम करतो. प्रत्येक थांब्यावर एक मोठे माणूस हातात कोडे घेऊन बसले, की काम होते; ही जागा आजोबांना फार शोभते.

८. गट आणि नियम

पाच मुलांमागे एक मोठे माणूस, हे प्रमाण सोडू नका. गटात वये मिसळा, आणि गट दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. नाहीतर सगळे एकाच थांब्यावर गोळा होतात आणि मागचे फक्त पुढच्यांच्या पाठी पाहतात. गुण, क्रमांक आणि विजेता काही ठेवू नका. प्रत्येकाची पाटी भरली की खेळ पूर्ण.

निघण्यापूर्वी तीनच नियम सांगा आणि मुलांकडून म्हणून घ्या. दगड उचलून खाली हात घालायचा नाही, कारण पुण्याच्या टेकड्यांवर विंचू आणि फुरसे असतात. वाट सोडायची नाही. पीस, दगड, फूल काहीही घरी न्यायचे नाही, चित्र मात्र हवे तेवढे काढावे. पायांत चप्पल नको, बंद बूट हवेत. हा नियम पालकांसाठी आहे आणि तेच तो मोडतात.

९. खेळाच्या सकाळी

सव्वासहाला दोघांनी आधी जाऊन थांबे मांडावेत, मुले सातला यावीत आणि नऊच्या आत सगळे खाली असावेत. खाणे शेवटी द्या, आणि ते कोणाच्या तरी पाठीवरच्या पिशवीतच असू द्या. एका वर्षी आम्ही बक्षिसाची बिस्किटे झाडाखाली 'खजिना' म्हणून लपवली होती. तो खजिना कोड्यांची मदत न घेता कुत्र्यांनी शोधला. आता आम्ही गूळ-शेंगदाण्याचे लाडू नेतो आणि मी ते खांद्यावरून उतरवत नाही.

एखादे मूल मध्येच कंटाळले तर त्याला ओढत नेऊ नका. त्याच्या हाती शिट्टी आणि घड्याळ द्या आणि गट सोडण्याचे काम त्यालाच सोपवा. हा उपाय अजून एकदाही फसलेला नाही.

१०. आवराआवर

मांडलेल्या वस्तूंची यादी आदल्या रात्रीच करून ठेवा आणि उतरताना ती वाचत एकेक वस्तू पिशवीत टाका: आठ पावले, चार अंडी, पाच पाट्या, दोरी. शाडूचे फोडलेले तुकडेही वेचून आणा. माती मातीत मिसळेल असे वाटते, पण ती दुसरीकडची माती आहे, आणि फुटलेल्या गोळ्यांतून पडलेले बीही टेकडीवर राहू नये. शाडू घरी भिजवली की पुढच्या गणपतीला पुन्हा कामी येते. पुठ्ठ्याची पावले दमट जागेत वाकतात, म्हणून ती वर्तमानपत्रात गुंडाळून गादीखाली सपाट ठेवावीत. दोरीवरच्या १.७ मीटरच्या चिंधीची गाठ मात्र दर वर्षी पुन्हा मोजून घ्यावी. वापरून दोरी ताणली जाते, आणि मागच्या खेळात आमचा बारापासॉरस चार बोटे वाढला होता.